शांघायमधला पहिला दिवस: तेरा ते अठरा वयाच्या मुलांचे आणि त्यांच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच चीनला निघाली की घरात दोन याद्या तयार होतात. एक आईबाबांच्या काळज्यांची, दुसरी मुलांच्या उत्सुकतेची. इथे दोन्ही याद्या एकत्र घेतल्या आहेत. पालकांच्या प्रश्नांना पालकांशी बोलावं तसं उत्तर दिलं आहे आणि मुलांच्या प्रश्नांना थेट मुलांशी बोलून. एक आग्रह आधीच सांगते: पहिला दिवस हुआंगपू नदीच्या दोन काठांपुरताच ठेवा आणि त्या दिवसाचा नकाशा मुलांच्या हातात द्या. बाकीची बहुतेक उत्तरं याच आग्रहातून आली आहेत.

पहिल्यांदाच जातोय. बीजिंग सोडून शांघाय का?

बीजिंग थोर आहे, पण तिथली मोठी ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत. जुन्या राजवाड्याची तिकिटं आधी मिळवावी लागतात आणि चीनच्या प्रसिद्ध भिंतीसाठी अख्खा दिवस जातो. शांघायमध्ये विमानातून उतरलेल्या दमलेल्या मुलालाही संध्याकाळपर्यंत चालत, फेरीने आणि मेट्रोने शहराचा गाभा बघता येतो. मेट्रोच्या पाट्या चिनीसोबत रोमन लिपीतही आहेत. पंधरा वर्षांचं मूल इथे पहिल्याच दिवशी स्वतः रस्ता शोधू शकतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो ना? ट्रान्झिटवाली दहा दिवसांची सवलत ऐकली होती.

लागतो, मुलांनाही. ती 240 तासांची सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. अमेरिका किंवा युरोपातले नातेवाईक "आम्ही व्हिसाशिवाय गेलो" म्हणाले तर ते खरंच असतं, पण त्यांच्या पासपोर्टपुरतं.

2020 मध्ये बंद झालेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझौ उड्डाणाने पुन्हा सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये दिल्ली-शांघायही जोडलं गेलं. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी तिकीट काढण्याच्या दिवशी ताजं वेळापत्रक बघावं. हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाणं अजूनही अनेकदा सोयीचं पडतं.

विमानतळावर मुलांच्या बोटांचे ठसे घेतात का?

14 ते 70 वयाच्या परदेशी प्रवाशांचे घेतात. म्हणजे नववी-दहावीतल्या मुलाला यंत्रासमोर एकट्याने उभं राहावं लागेल. आधी कल्पना दिलेली असली की ते बिचकत नाही. प्रवेशाचा अर्ज 20 नोव्हेंबर 2025 पासून ऑनलाइन भरता येतो. तो घरीच भरा, आणि मुलाचा अर्ज मुलालाच भरू द्या.

हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत छापून घ्या, एक प्रत मुलाच्या खिशात ठेवा. मूल मामा-मावशीबरोबर किंवा शाळेच्या सहलीतून जात असेल, तर आईवडिलांचं संमतिपत्र, फोन नंबर आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ हवी. जून 2021 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अठराच्या आतलं मूल उतरायला आलं, तर हॉटेलला पालकांचा संपर्क आणि सोबतच्या मोठ्यांशी असलेलं नातं विचारावंच लागतं. स्वागतकक्षातली व्यक्ती चौकशी करते ती यासाठी. तिच्यावर चिडू नका.

पुडोंग विमानतळावरून शहरात कसं जायचं?

मुलं सोबत असतील तर चुंबकावर तरंगणाऱ्या मॅग्लेव्हने जा. ती 2004 पासून प्रवाशांसाठी रोज धावते, रुळाला टेकत नाही, आणि विमानतळ ते लोंगयांग रोड हे तीस किलोमीटर आठेक मिनिटांत संपवते. पूर्वी ती ताशी 431 किलोमीटरपर्यंत जायची, आता बहुतेक फेऱ्या 300 च्या आसपास असतात. डब्यातल्या पाटीवर वेग दिसत राहतो. भाडं 50 युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर 40. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकाचं प्रकरण असं अंगावर येताना दिसणं ही मोठी गोष्ट आहे. तिथे कंजुषी नको.

लोंगयांग रोडला उतरून मेट्रोची हिरवी लाइन 2 पकडा. पैसे वाचवायचे असतील तर हीच लाइन 2 थेट विमानतळावरून मिळते. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो आणि भाडं दहा युआनच्या आत असतं. युआनचा भाव साधारण बारा-तेरा रुपये धरा.

प्रत्येक मेट्रो स्टेशनवर बॅगा एक्स-रे यंत्रातून जातात. सुरी, कात्री बॅगेत नको. पाण्याची बाटली असेल तर कधी कधी एक घोट प्यायला लावतात.

माझं व्हॉट्सअॅप, इन्स्टा, यूट्यूब चालेल का?

हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वायफायवर नाही. गूगलही नाही. भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंस किंवा प्रवासासाठीचं ई-सिम घेतलंस, तर बहुधा चालतं, कारण तुझा डेटा बाहेरच्या देशातल्या नेटवर्कमधून जातो. ते निघण्याआधी घरीच सुरू करून घे, उतरल्यावर शोधत बसू नकोस.

आणि एक महत्त्वाचं. गूगलचा नकाशा उघडला तरी तिथे त्यावर विसंबू नकोस. चीनमध्ये नकाशांसाठी जी निर्देशांक पद्धत सक्तीची आहे, ती मुद्दाम थोडी सरकवलेली आहे. त्यामुळे तुझा निळा ठिपका खऱ्या जागेपासून काहीशे मीटर दूर, कधी नदीतसुद्धा दिसू शकतो. अॅमॅप हे तिथलं अॅप इंग्रजीतही चालतं. ते घे, हॉटेलवर खूण करून ठेव. भाषांतराच्या अॅपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून घे. दुकानातल्या पाटीवर कॅमेरा धरला की अर्थ दिसतो.

पैसे कसे द्यायचे? यूपीआय चालतं का?

चालेल असं गृहीत धरू नका. शहरातले बहुतेक व्यवहार अलीपे किंवा वीचॅटच्या क्यूआर कोडवर होतात, अगदी भाजलेलं रताळं विकणाऱ्या गाडीपर्यंत. दोन्ही अॅपना व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतं. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा आकार नाही, त्यावर 3 टक्के लागतात.

हे सगळं मुंबई-पुण्यात बसूनच करा: पासपोर्टने ओळख पटवणं, कार्ड जोडणं, बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करणं. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्ये चालू हवं. मुलाच्या खिशात शंभर-दोनशे युआनच्या लहान नोटा ठेवा. रोख रक्कम नाकारायची नाही असा तिथे नियम आहे, पण सुटे मिळतीलच असं नाही.

मग पहिल्या दिवशी नेमकं काय बघायचं?

शक्य असेल तर पीपल्स स्क्वेअर किंवा पूर्व नानजिंग रस्त्याच्या आसपास उतरा. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोनच्या सुमारास मिळते, पण सामान आधी ठेवून घेतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे मुलांना त्रास होतो तो वेळेच्या फरकाने कमी, रात्रभर विमानात न झोपल्याने जास्त. आंघोळ करू द्या, खायला घाला आणि उजेडात बाहेर काढा. दुपारी झोपलं की दिवस गेलाच.

नानजिंग रस्त्याचा पादचारी भाग 1999 मध्ये गाड्यांसाठी बंद झाला आणि आता पूर्वेला बंड या नदीकाठच्या रस्त्याच्या जवळपर्यंत पोचतो. मोठ्यांना तिथली गर्दी नकोशी होईल, मुलांना हवीहवीशी. अॅनिमे आणि मांगाचं वेड असेल तर याच रस्त्यावर बैलियान झेडएक्स नावाचा अख्खा मॉल त्यासाठी आहे. मुलांना तिथे तासभर द्या आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. त्या तासाची घाई करू नका. संग्रहालयात घालवलेल्या वेळेइतकाच तो खरा प्रवास आहे, कारण तिथे त्यांना त्यांच्याच वयाची, त्यांच्याच आवडीची चिनी मुलं दिसतात.

रस्ता संपतो तिथे बंड सुरू होतो. नदीकाठाने सुमारे दीड किलोमीटर जुन्या बँका, कचेऱ्या आणि हॉटेलांच्या दगडी इमारतींची रांग आहे. 1923 ची घुमटाची एचएसबीसी इमारत, तिच्याशेजारी 1927 चं घड्याळाच्या मनोऱ्याचं कस्टम्स हाऊस. समोरच्या काठावर, म्हणजे पुडोंगमध्ये, लुजियाझुई भागातले उंच मनोरे. 1990 मध्ये पुडोंगचा विकास जाहीर झाला तेव्हा त्या काठावर कारखाने, गोदामं, साधी घरं आणि मागे शेतं होती. आई किंवा बाबांचा जन्म त्याआधीचा असेल, तर समोर दिसतं ते जवळपास सगळं त्यांच्यापेक्षा वयाने लहान आहे. हे मुलांना जरूर सांगा.

अंधार पडायच्या थोडं आधी नदी ओलांडा. बंडच्या दक्षिणेकडून रोजच्या प्रवाशांची फेरी जाते. तिकीट 2 युआन. स्कूटर ढकलत घरी निघालेली माणसं, भाजीच्या पिशव्या, आणि दोन्ही काठ एकाच वेळी डोळ्यांसमोर. महागड्या सहलीच्या बोटींपेक्षा मला ही कितीतरी अधिक आवडते. पलीकडे लुजियाझुईच्या गोलाकार पादचारी पुलावर चढा. मनोऱ्यांचे दिवे लागतात ते डोक्यावरच, आणि पूल फुकट आहे. परतताना मेट्रोची लाइन 2 पकडा. लुजियाझुईहून नदीखालून एकच स्टेशन, की पूर्व नानजिंग रस्ता. दिवे साधारण रात्री दहाच्या सुमारास मालवतात आणि मेट्रोही साडेदहा-अकराच्या पुढे धरून चालायचं नाही.

युयुआन बाग दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. 1559 मध्ये पान युनदुआन या अधिकाऱ्याने वडिलांसाठी ती बांधायला घेतली आणि 1577 मध्ये पुरी केली. ती सावकाश बघायची जागा आहे आणि सोमवारी बंद असते.

बंडवर ससून नावाची इमारत आहे. आपल्या पुण्याच्या ससूनशी काही संबंध?

अगदी थेट. बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससूनचंच ते घराणं. पुण्याचं ससून रुग्णालय, काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय आणि कुलाब्याचा 1875 चा ससून डॉक ही त्याच घराण्याची नावं. बंडवरची हिरव्या टोकदार छपराची इमारत व्हिक्टर ससूनने 1929 मध्ये पुरी केली. तिच्यातलं कॅथे हॉटेल आज पीस हॉटेल म्हणून चालतं.

मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नका. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढायची आणि चीनमध्ये उतरायची. ससून आणि मुंबईच्या आणखी कित्येक व्यापाऱ्यांच्या संपत्तीत तिचा मोठा वाटा होता. अफूच्या पहिल्या युद्धानंतर 1842 च्या नानजिंग तहाने शांघाय परदेशी व्यापाऱ्यांना उघडावं लागलं. बंड उभा राहिला तो त्यातून. चिनी मुलांना हा इतिहास शाळेत शिकवतात. आपल्या मुलांनाही मुंबईची त्यातली बाजू ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं. दहावीचं मूल हे समजण्याइतकं मोठं असतं.

याच शहरात एक निराळी आठवणही आहे. माओमिंग दक्षिण रस्ता आणि नानचांग रस्त्याच्या कोपऱ्यावर रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे. मे 2010 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं अनावरण केलं. वयस्कर चिनी माणूस भेटला आणि तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे कळलं, तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढून बघा. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. चीनमध्ये हे नाव अजून आदराने घेतात.

शांघाय टॉवरवर चढायचंच का?

हवा स्वच्छ असेल तर. 632 मीटर उंची, 128 मजले, आणि लिफ्ट 118 व्या मजल्यावर मिनिटाच्या आत नेते. पण ढगात शिरलेल्या मनोऱ्यावरून फक्त पांढरं दिसतं. खाली उभं राहून टोक दिसत नसेल तर तिकीट काढू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण तयारी हवी. अडचण दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्याची जास्त आहे: पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली, सूप हाडांच्या पाण्याचं, तपकिरी सॉस कालवांचा. कांदापातीच्या पोळीतही चरबी असू शकते आणि शांघायचे प्रसिद्ध वाफवलेले शियाओलोंगबाओ तर डुकराच्या मांसाचेच. "व्हेज" शब्द कुणाला कळणार नाही. फोनमध्ये चिनी अक्षरांत एक पाटी तयार ठेवा: मी मांस, मासे, कोळंबी, चरबी, मांसाचं पाणी, कालवांचा सॉस खात नाही. अंडं चालत नसेल तर तेही लिहा. ती पाटी मागवण्याआधी दाखवायची, ताट आल्यावर नाही.

बौद्ध शाकाहारी खाणावळी हा मोठा आधार आहे. पश्चिम नानजिंग रस्त्यावरचं गोंगदेलिन 1922 पासून चालू आहे. बौद्ध स्वयंपाकात परंपरेने कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन कुटुंबांनाही तिथे बरंच काही चालतं. कंदमुळांचं मात्र विचारा. तिथे बदक, खेकडा, मासा अशा नावांचे आणि आकारांचे पदार्थ येतील. ते टोफू, मशरूम, बटाटा-गाजर यांचे असतात. मुलांना आधी सांगून ठेवा.

अंडं खाणाऱ्यांना टोमॅटो-अंडं आणि भात जवळपास कुठल्याही छोट्या हॉटेलात मिळतो. चव घरच्यासारखी आणि मुलं पोटभर खातात. सकाळी ताजं सोयाबीनचं दूध आणि योउतिआओ, म्हणजे पिठाची तळलेली लांब कांडी, घ्या. फॅमिलीमार्ट, लॉसन ही दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. तिथे फळं, दही, उकडलेला मका मिळतो. भाताच्या त्रिकोणांत मात्र बहुधा मासा किंवा मांस असतं.

घरून कोरडा खाऊ न्या: शेंगदाण्याची चिक्की, भडंग, मेथीचे ठेपले. ताजी फळं, मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून हापूस, पेढे, तूप घरीच राहू द्या.

पाणी? आणि शौचालय?

नळाचं पाणी प्यायचं नाही. खोलीत किटली असते, विमानतळांवर आणि रेल्वे स्टेशनांवर गरम पाण्याचे नळ असतात. तिथले लोक उन्हाळ्यातही गरम पाणीच पितात. झाकणाची स्टीलची बाटली न्या. सार्वजनिक शौचालयं भरपूर, मोफत आणि बहुतेक भारतीय बैठकीची. कागद आणि पाण्याची सोय नसेल असं समजून टिश्यू आणि छोटी बाटली जवळ ठेवा. मुलींनी पॅड घरूनच न्यावेत, पहिल्या दिवशी दुकानात शोधाशोध नको.

मला थोडं एकट्याने फिरू देतील का?

हा प्रश्न तू आईबाबांना विचारायचा आहेस, आणि माझं मत तुझ्या बाजूने आहे. सुरुवात अशी कर: दिवसभराचा रस्ता तू ठरवायचास, मेट्रोची लाइन तू शोधायचीस, दुकानात पैसे तू द्यायचेस, मोठ्यांनी मागून यायचं. मग बंडवर किंवा मॉलमध्ये अर्धा तास सुटा फिर, भेटायची जागा आणि वेळ ठरवून. "या घड्याळाखाली, सहा वाजता" अशी जागा हवी. "फोन करतो" चालणार नाही, कारण फोन संपतो. दुकानादुकानांत भाड्याच्या पॉवर बँका असतात, त्या अलीपेने घेता येतात.

पालकांना एवढंच सांगेन: शांघायचे रस्ते रात्रीही उजळलेले आणि वर्दळीचे असतात. मुलाला मोकळं सोडायचा सराव करायला हे शहर चांगलं आहे.

अनोळखी लोक फोटो काढायला किंवा गप्पा मारायला आले तर?

फोटो मागणारे बहुतेक कुतूहलाने येतात, बाहेरगावाहून आलेली कुटुंबं असतात. आवडलं तर काढ. नको असेल तर हसून हात हलव आणि पुढे चल. पण बंड आणि नानजिंग रस्त्यावर छान इंग्रजी बोलणारे दोघं-तिघं येऊन "आम्हीही विद्यार्थी आहोत, चल, चहाचा समारंभ बघू" म्हणाले तर जाऊ नकोस. ही तिथली जुनी फसवणूक आहे. आत नेऊन चहाच्या चार कपांचं भलंमोठं बिल हातात देतात.

सायबर कॅफेत गेम खेळता येईल? रस्त्यावरच्या भाड्याच्या सायकली?

सायबर कॅफेत अठराच्या आत प्रवेश नाही. सायकलला 12 आणि बॅटरीच्या दुचाकीला 16 वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या दिवशी मात्र सायकलही नको. वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि आपली नजर सवयीने चुकीकडे वळते. चालतानाही सांभाळ: पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतात, आणि बॅटरीच्या स्कूटरचा आवाजच येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. जूनच्या मध्यापासून पावसाची झड लागते आणि जुलै-ऑगस्ट मुंबईच्या मे महिन्याहून घामट असतो. दिवाळीची सुट्टी चांगली जुळते. 1 ऑक्टोबरचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, सारा देश प्रवासात असतो. 31 डिसेंबरच्या रात्री बंडवर जाऊ नका. 2014 मध्ये तिथे चेंगराचेंगरीत 36 जणांचा जीव गेला.

काही झालंच तर?

पोलीस 110, रुग्णवाहिका 120, आग 119. हे तीन आकडे मुलाच्या फोनमध्येही हवेत आणि कागदावरही. शांघायमध्ये भारताचं वाणिज्य दूतावास आहे, त्याचा चालू पत्ता आणि आपत्कालीन नंबर निघण्याआधी टिपून घ्या. 16 वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने पासपोर्ट जवळ बाळगायचा असा कायदा आहे. तेव्हा अकरावी-बारावीतल्या मुलांना आतल्या खिशाची बॅग द्या. हॉटेलात उतरलात तर पोलीस नोंदणी हॉटेलच करतं. नातेवाइकांच्या घरी उतरलात तर 24 तासांच्या आत ती स्वतः करावी लागते. हे काम पहिल्याच दिवशीचं आहे, बंडच्या आधीचं.

दुसऱ्या दिवशी सूझौ किंवा हाँगझौ ही जवळची शहरं जमतील का?

जमतील. वेगवान रेल्वेने सूझौ अर्ध्या तासाच्या आसपास, हाँगझौ सुमारे तासाभरावर. तिकीट पासपोर्टच्या नंबरवर निघतं, मुलाचंही, म्हणून मूळ पासपोर्ट सोबत हवाच. स्टेशनवर बॅगतपासणी असते आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, तेव्हा तासभर आधी पोचा. पुढे देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेवर चीनचा थ्री-सी (3C) हा सुरक्षिततेचा शिक्का आहे का ते बघा. 28 जून 2025 पासून त्या शिक्क्याशिवायची पॉवर बँक तिथल्या देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत.